सिस्टर, फिजिओ आणि "सरांनी लिहिलंय ना": स्वतःच्या निर्णयाबद्दल सारखे येणारे प्रश्न

मी वॉर्डात सतरा वर्षं काढलेली स्टाफ नर्स आणि माझी धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट. दोघींच्या फोनवर तेच तेच प्रश्न येत राहतात, कधी नवीन जॉइन झालेल्या मुलींचे, कधी पेशंटच्या घरच्यांचे, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. महाराष्ट्र डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, बाहेरचं फक्त कामापुरतं. फिजिओची उत्तरं बहिणीची आहेत, टायपिंग माझं.

१. स्वायत्तता स्वायत्तता म्हणतात ते नक्की काय? डॉक्टरांना न विचारता वाट्टेल ते करायचं का?

नाही हो. उलट आहे. ज्या कामाचं शिक्षण घेतलंय, ज्याचं रजिस्ट्रेशन आहे, तेवढ्या कामात डोकं तुमचं आणि सही पण तुमची, इतकाच अर्थ. पेशंट बघून आपण काहीतरी ठरवतो, ते का ठरवलं हे सांगता आलं पाहिजे आणि उद्या कोणी विचारलं तर "मला सांगितलं म्हणून केलं" एवढं उत्तर पुरत नाही. लोकांना वाटतं स्वायत्तता म्हणजे डॉक्टरशी भांडण. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा ती म्हणजे थांबणं, विचारणं आणि लिहून ठेवणं.

२. नर्सनं ऑर्डरशिवाय काय काय करायचं याची यादी आहे का कुठे?

भिंतीवर लावता येईल अशी यादी मागत असाल तर मी तरी देणार नाही, पण कॉलेजात शिकवतात ती विभागणी कामाची आहे. काही कामं पूर्ण आपली: पेशंटची पोझिशन बदलणं, पाठ आणि टाचा बघणं, तोंडाची स्वच्छता, पडायचा धोका ओळखून कठडे वर करणं, धाप लागलेल्याला उठवून बसवणं, नातेवाइकांना समजावणं, बीपी चार तासांनी लिहिलं असलं तरी पेशंट बरोबर वाटत नाही म्हणून अर्ध्या तासाने घेणं. यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही आणि हे राहिलं तर "ऑर्डर नव्हती" म्हणताही येत नाही. काही कामं ऑर्डरवर चालतात, औषधं, सलाईन, रक्त. आणि मधली बरीचशी सगळ्यांनी मिळून ठरवायची, म्हणजे डिस्चार्जला पेशंट तयार आहे का, आज बेडवरून उतरवायचं का वगैरे.

ते चार तासांनीचं बीपी मी मुद्दाम लिहिलं. ऑर्डरमध्ये असतं ते कमीत कमी. जास्त वेळा बघायला कोणी नको म्हटलेलं नसतं.

३. फिजिओकडे जायला डॉक्टरची चिठ्ठी लागतेच का?

बहिणीला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. २०२१ मध्ये केंद्राचा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला, त्यात फिजिओथेरपिस्ट हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणून धरलाय, आणि ती व्याख्या सल्ला देणारा, उपचार आणि पुनर्वसनाच्या सेवा देणारा अशी आहे, चिठ्ठी आणलेल्यालाच सेवा देणारा अशी नाही. महाराष्ट्रात त्याआधीपासून ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिल आहेच, तिथलं रजिस्ट्रेशन आहे का एवढं मात्र विचारून घ्या, कारण "फिजिओ सेंटर" अशी पाटी लावून शेक देणारे बरेच सापडतात. मानेला, कमरेला, गुडघ्याला त्रास आहे म्हणून लोक सरळ जातात आणि त्यात गैर काही नाही. इन्शुरन्सचे पैसे हवे असतील तर कंपनी चिठ्ठी मागू शकते. नुकतं ऑपरेशन झालं असेल तर सर्जनचे कागद न्यायलाच हवेत, कारण आत काय केलंय, किती वजन टाकायला परवानगी आहे हे फिजिओला बाहेरून दिसत नाही.

जगात हे नवीन नाही. अमेरिकेत नेब्रास्कात १९५७ पासून थेट जाता येतं, ऑस्ट्रेलियातल्या फिजिओंच्या संघटनेनं १९७६ मध्ये रेफरलशिवाय पेशंट बघायचा नाही हा स्वतःचाच नियम काढून टाकला.

४. मग थेट आलेल्या पेशंटमध्ये काही मोठा आजार लपला असेल तर?

खरा प्रश्न हा आहे. चिठ्ठी नसेल तर गाळणी तुम्हीच. बहीण पहिल्या भेटीत मशीनला हात लावत नाही, आधी विचारते: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, वजन उतरलंय का, संध्याकाळी ताप येतो का, पूर्वी कॅन्सर झालाय का, लघवी अडकते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का. शेवटचे दोन असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर नाही. एका पोटरीला सूज आणि दुखरेपणा असेल तर मसाज नाही, आधी पायात गुठळी नाही ना हे बघून घ्यायचं.

एकदा पन्नाशीतले एक काका आले होते, दुसरीकडे तीन आठवडे कमरेला ट्रॅक्शन (मशीननं ताण देणं) घेऊन. बोलता बोलता काकू म्हणाल्या की हे हल्ली संध्याकाळी शाल घेऊन बसतात आणि पँट सैल होतेय. झालं. बहिणीनं मणक्यावर हलकं टिचकावून बघितलं, एका जागी कळवळले, तिनं ट्रॅक्शन बंद सांगून चिठ्ठीवर कारण लिहून हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला. तिच्या मते उपचार न करण्याचा निर्णय घेता येतो तोच खरा फिजिओ. मला हे वाक्य जरा नाटकी वाटतं, पण काकांच्या बाबतीत बरोबर होतं.

५. लिहिलेला डोस चुकीचा वाटतोय पण मी ज्युनिअर आहे. काय करू?

इथे जरा बसून सांगते.

माझी नाइट होती. संधिवाताची बाई, फाइलवर मेथोट्रेक्सेट ७.५ एमजी आणि पुढे ओडी. म्हणजे रोज एक वेळ. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदा देतात, रोज दिलं तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस जाऊ शकतो. गोळी कपात काढून झालेली, बाई हात पुढे करून बसलेली. मी म्हटलं, मावशी थांबा, एक मिनिट. आरएमओला (रात्रीच्या ड्युटीवरचे डॉक्टर) फोन केला तर झोपेतून, "सरांनी लिहिलंय ना सिस्टर, द्या." मी म्हटलं सर, हे औषध वीकली असतं, मी आता देत नाही, होल्ड केलं असं लिहिते आणि तुम्हाला कळवलं असंही लिहिते. पलीकडे शांतता. मग "बरं, सकाळी बघू." चार्टवर त्या डोसभोवती गोल, बाजूला कारण, वेळ, कोणाला कळवलं, सही. सकाळी राऊंडला मोठ्या सरांनी ओडी खोडून आठवड्यातून एकदा, सोमवारी असं लिहिलं. मला थँक्यू वगैरे काही नाही, ते जाऊ दे.

त्या रात्री मी डोक्यात एकच हिशोब केला होता: आज नाही दिलं तर काय बिघडेल, आणि दिलं तर काय बिघडेल. एक रात्र थांबल्यानं काही होणार नव्हतं. हा हिशोब प्रत्येक औषधाला वेगळा येतो, त्यासाठी सातवा प्रश्न वाचा नक्की.

बोलायचं कसं? "सर, असं का लिहिलंय?" विचारलं की समोरचा चिडतो. पेशंट कोण, काय दिसतंय, मला कशाची भीती आहे, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमानं बोलायचं. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा अजून स्पष्ट, "सर, मला हे सेफ वाटत नाहीये." तरीही नाही तर इन्चार्ज सिस्टर, मग कन्सल्टंट. डोक्यावरून फोन केला म्हणून ओरडा बसेल, बसू दे. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत द्या असं कोणी म्हणालं तर तिथे दुसऱ्यांदा विचारायचा पण प्रश्न नाही, त्यानं हृदय बंद पडतं, सिरिंज खाली ठेवायची.

६. फोनवरची ऑर्डर घ्यायची का?

इमर्जन्सीत घ्यायची. ऐकताना लिहायची, लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, आकडे सुटे सुटे म्हणायचे, "पंधरा, एक पाच", कारण पन्नास आणि पंधरा फोनवर सारखे ऐकू येतात. शक्य असेल तर दुसऱ्या सिस्टरला स्पीकरवर ऐकवा. ऑर्डर देणाऱ्याचं नाव, वेळ, आणि हॉस्पिटलच्या नियमात असेल तेवढ्या वेळात सही, बऱ्याच ठिकाणी २४ तास. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज असेल तर तो केस पेपरवर उतरवल्याशिवाय ऑर्डर धरू नका.

रोजचीच गोष्ट म्हणून फोनवर चालवणारे सर असतील तर ती सवय आहे, इमर्जन्सी नाही. ते इन्चार्जच्या कानावर घाला.

७. डाउट आला की औषध होल्ड करणं कायम सेफ ना?

अजिबात नाही, आणि पाचव्या प्रश्नातली गोष्ट वाचून हाच गैरसमज होतो म्हणून वेगळं लिहितेय. न देणं हीसुद्धा एक कृती आहे, तिचेही परिणाम असतात. टाइप वन डायबेटिस असलेला मुलगा जेवत नाहीये म्हणून इन्सुलिनच बंद ठेवलं तर तो कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जाईल, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेतेल. सेप्सिसच्या (अंगभर पसरलेल्या संसर्गाच्या) पेशंटचं अँटिबायोटिक "सकाळी विचारू" म्हणून ठेवलं तर सकाळपर्यंत उशीर झालेला असेल. फिटच्या गोळ्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय म्हणून आपणहून चुकवायच्या नाहीत. अशा वेळी होल्ड लिहून शांत बसायचं नसतं, लगेच फोन करून उत्तर मिळवायचं असतं. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) द्यायच्या आधी पल्स साठच्या खाली असेल तर डोस थांबवून कळवायचं, हे मात्र शाळकरी पाठांतरासारखं पक्कं असू द्या.

८. आरएमओ फोनच उचलत नाही आणि पेशंट बिघडतोय. माझ्या हातात काय आहे?

जेवढं वाटतं त्यापेक्षा जास्त. श्वास आणि नाडी नाही तर सीपीआर सुरू, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ऑक्सिजन, पोझिशन, सक्शन, मॉनिटर, शिरेत सुई लावून ठेवणं, आणि कोड टीमला (इमर्जन्सीत धावून येणारी टीम) ओरडून बोलावणं. शुगर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीत, गिळतोय, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्धीत नसेल तर तोंडातून थेंबही नाही. इथे २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून लागतं, आणि त्यासाठीच स्टँडिंग ऑर्डर हवी: कोणत्या आकड्याला काय, किती, हे आधीच लिहून, कन्सल्टंटची सही आणि तारीख घालून वॉर्डात ठेवलेला कागद. तुमच्या वॉर्डात नसेल तर उद्याच्या उद्या मागा. "इथे सगळे असंच देतात" याला स्टँडिंग ऑर्डर म्हणत नाहीत.

किती वाजता, कोणत्या नंबरवर, किती वेळा फोन केला तेही लिहा. बाकी फोन न उचलणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहीत नाही.

९. मी ऑर्डर पाळली, मग चूक झाली तर माझी कशी?

रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर आहे म्हणून. सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा एक निकाल आहे, स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा. टायफॉइड झालेला लहान मुलगा, डॉक्टरनं क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलेलं, नर्सनं मागवलं लारियागो म्हणजे क्लोरोक्वीन, आणि ते शिरेतून दिलं. मुलाचं हृदय थांबलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख भरपाई कोर्टानं कायम केली. नर्सची पात्रता नव्हती आणि डॉक्टरनं तिच्यावर सोडून दिलं, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. भरपाई हॉस्पिटलवर बसते हे खरं, पण बाटलीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळतंय का हे बघणारा शेवटचा डोळा आपलाच असतो, डॉक्टर तिथे उभा नसतो.

१०. मी फिजिओ आहे. सरांनी शॉर्टवेव्ह दहा दिवस लिहून दिलंय पण पेशंटच्या मांडीत रॉड आहे. देऊ का नको?

देऊ नका. शॉर्टवेव्ह डायथर्मीनं, म्हणजे लहरींनी खोलवर शेक देणाऱ्या मशीननं, धातूच्या आसपास उष्णता साठून आतला भाग भाजू शकतो, पेसमेकर असेल तर त्या पेशंटला मशीनच्या आसपाससुद्धा नको. हे लिहिणाऱ्या डॉक्टरला कदाचित माहीत असेल, कदाचित घाईत विसरला असेल, पण मशीनचं बटण तुम्ही दाबताय.

आता मूळ मुद्दा. निदान आणि "फिजिओ द्या" इथपर्यंत चिठ्ठी, पण कोणतं मशीन, किती दिवस, कोणता व्यायाम हे ठरवायला तुम्ही एवढी वर्षं शिकलात. बहिणीकडे "आयएफटी (करंटचं मशीन), शेक, दहा सिटिंग" असं छापील आलं की ती आधी स्वतः तपासते, तिचा प्लॅन ठरवते आणि सरांना दोन ओळी पाठवते: रॉड असल्यामुळे शॉर्टवेव्ह टाळलं, गुडघा इतका वाकतोय, हे व्यायाम सुरू केले, अमुक तारखेला परत मोजेन. सुरुवातीला एका सरांनी फोन करून विचारलं, "मी लिहिलेलं का बदललं?" तिनं गुडघ्याचे आकडे वाचून दाखवले. आता तेच सर चिठ्ठीवर नुसतं "असेस अँड ट्रीट" लिहितात. दहा दिवस आंधळा शेक दिला असता तर हे झालं नसतं.

११. फिजिओ औषध किंवा एक्स-रे लिहून देऊ शकतो का? नावापुढे डॉक्टर लावू शकतो का?

औषधं: आपल्याकडे नाही. पेनकिलरचं नाव तोंडी सांगणं पण टाळा. एक्स-रेची गरज ओळखणं मात्र तुमचं कामच आहे. घोटा मुरगळून आलेल्याला हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखतंय किंवा चार पावलं टाकता येत नाहीयेत, तर आधी एक्स-रे करून या म्हणायचं. काही लॅब फिजिओच्या चिठ्ठीवर काढतात, काही नाही, नाही काढला तर डॉक्टरकडे पाठवा.

"डॉक्टर"चं भांडण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पेटलं होतं. आरोग्य सेवा महासंचालनालयानं ९ तारखेला लावू नका असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. माझं मत विचाराल तर पेशंटला आपण कोण आहोत हे पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे, म्हणजे "मी फिजिओथेरपिस्ट". पुढचं मागचं नंतर.

१२. ब्रिटनमध्ये नर्सेस औषध लिहितात म्हणे. खरं आहे?

खरं आहे, पण सगळ्या नाही. जास्तीचं शिक्षण घेऊन तशी नोंद झालेल्या नर्सेसना तिथे २००६ पासून जवळपास पूर्ण यादीतून लिहिता येतं, फिजिओंना २०१३ पासून. तिथे गेलेल्या आपल्या मुली सांगतात की पहिले काही महिने अवघड जातात ते इंग्रजीनं नाही, तर "तुला काय वाटतं?" असं कन्सल्टंट खरंच विचारतो आणि उत्तराची वाट बघतो, त्यानं. आपल्याकडे "यस सर" इतकं अंगात मुरलेलं असतं की तोंड उघडत नाही. जायचं असेल तर याची प्रॅक्टिस आतापासून करा, रोज राऊंडला एका पेशंटबद्दल आपणहून एक वाक्य बोला.

१३. नर्सच्या मताला कोर्टात किंमत असते का?

अरुणा शानबागची केस आठवा. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स, १९७३ च्या हल्ल्यानंतर जवळपास ४२ वर्षं तिथेच अंथरुणाला खिळलेली, तिच्या सहकाऱ्यांनी आणि नंतर आलेल्या नर्सेसनी, ज्यांतल्या अनेकींनी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं, तिला सांभाळलं. तिला जगू द्यायचं की नाही हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा मार्च २०११ च्या निकालात कोर्टानं म्हटलं की तिच्या वतीनं बोलायचा हक्क याचिका करणाऱ्या लेखिकेचा नाही, तिला रोज सांभाळणाऱ्या केईएमच्या स्टाफचा आहे. आणि त्यांचं म्हणणं होतं, ती जगू दे. एवढी वर्षं अंथरुणावर आणि पाठीला बेडसोर नाही, ही गोष्ट कोर्टापुढे आली होती. निकाल बरोबर की चूक यावर लोक अजून वाद घालतात, मी पण घालते, पण ज्यांनी पाठ बघितली त्यांना विचारा, हे तिथे मान्य झालं.

१४. घरी ठेवलेली सिस्टर इंजेक्शन देईल ना? आणि केअरटेकर?

दोन वेगळी माणसं. केअरटेकर म्हणजे अंघोळ, जेवण, चालवणं. इंजेक्शन, कॅथेटर, नळी हे रजिस्टर्ड नर्सचं काम, नर्सिंगचा जीएनएम, एएनएम किंवा बीएससी कोर्स केलेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघून घ्या. आणि नर्स असली तरी "मागच्या वेळी दिलं होतं तेच अँटिबायोटिक लावा" याला तिनं नाही म्हटलं तर रागावू नका, चिठ्ठी नाही तर ती देणार नाही, चांगली आहे म्हणून.

इन्सुलिनचं एक सांगते, घरोघरी होणारी चूक. आपल्याकडे बाटली बऱ्याचदा ४० युनिटवाली असते, तिला लाल टोपीची सिरिंज. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटवाल्या बाटलीसाठी. मेडिकलवाल्यानं जी दिली ती वापरली तर डोस अडीच पट इकडेतिकडे होतो. बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन आकडा मोठ्यानं वाचा.

१५. पेशंटच नको म्हणत असेल तर?

तर नको. समजावा, भीती कसली आहे ते विचारा, तरी नको तर लिहा आणि डॉक्टरांना कळवा. आपल्या निर्णयाच्या वर त्याचा निर्णय आहे. शुद्धीत नसलेला किंवा गोंधळलेला पेशंट हा अपवाद, तिथे एकटीनं ठरवायचं नाही.

१६. एका शिफ्टला तीस पेशंट असताना कसला स्वतंत्र विचार?

बरोबर आहे, याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन बेडला एक आणि साध्या हॉस्पिटलात पाच बेडला एक नर्स असे आहेत, वर तीस टक्के रजेसाठी. वॉर्डात काय असतं ते तुम्हाला माहितीये. फिजिओचंही तेच, अर्ध्या तासात तीन पेशंट मशीनला जोडून ठेवायला सांगतात. करता येतं ते एवढंच की शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यात वाईट तीन पेशंट कोण ते स्वतः ठरवा आणि त्यांना आधी बघा, मग बाकी. आणि स्टाफ कमी होता हे रिपोर्ट बुकात आकड्यासकट लिहा, प्रत्येक वेळी.

१७. मी "डॉक्टरांना कळवलं" असं लिहिलं होतं, आता ते खोडायला सांगतायत. काय करू?

खोडू नका. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही, नवीन पान उतरवून काढणं तर नाहीच. तुमची स्वतःची खरी चूक असेल तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख, वेळ, सही. नंतर काही आठवलं तर "उशिरा नोंद" म्हणून आताची वेळ घालून लिहा. दबाव येत असेल तर मेट्रनला लेखी द्या आणि पोचसही घेतलेली प्रत घरी ठेवा. केस पेपरचे फोटो मोबाइलवर काढून ठेवू नका, ती पेशंटची माहिती आहे, आणि त्यावरूनच तुम्हाला पकडतील.